रिपोर्टातल्या खालच्या तीन ओळी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्णाशी माझी गाठ सहसा पडत नाही, तिच्या गाठीशी तेवढी पडते.

स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट आला की घरचे दोनच गोष्टी शोधतात. कॅन्सर आहे का, आणि स्टेज कोणती. बायप्सीच्या रिपोर्टात स्टेज नसतेच. मात्र खाली तीन ओळी असतात: ईआर, पीआर आणि हर-टू. त्या कुणी वाचत नाही. आणि पुढची कित्येक वर्षं कोणतं औषध घ्यायचं, हे बऱ्याच अंशी त्याच ठरवतात.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. इस्ट्रोजेन रक्तातून सगळीकडे फिरतं, पण ज्या पेशीत त्याला धरून ठेवणारं हे प्रथिन असतं, तिलाच त्याचा निरोप कळतो. गाठीच्या पेशींत ते असेल, तर गाठ शरीरातल्याच संप्रेरकावर पोसली जाते. १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जननी स्त्रीबीजकोश काढल्यावर पसरलेला स्तनाचा कर्करोग मागे हटल्याचं दाखवलं. तेव्हा इस्ट्रोजेन हा शब्दही नव्हता! आज टॅमॉक्सिफेनची गोळी त्या रिसेप्टरवर जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला जागा मिळू देत नाही. ही जुनी गोळी आहे, स्वस्त आहे. पण रिसेप्टरच नसेल तर तिचा उपयोग नाही.

आम्ही काय करतो? गाठीचा पातळ काप रंगवतो. रिसेप्टर असलेल्या पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात, शंभरातली किती ते पाहतो. १ टक्का किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह लिहितो. म्हणजे ३ टक्केवालीही पॉझिटिव्ह आणि ९० टक्केवालीही. दोघींना गोळीचा फायदा सारखा होईलच असं नाही. म्हणून नुसता शब्द पाहू नका, आकडा पाहा.

आता जरा थांबून बोलायची गोष्ट. पाश्चात्त्य देशांत बहुसंख्य गाठी ईआर पॉझिटिव्ह निघतात. आपल्याकडे ते प्रमाण कमी, आणि तिन्ही ओळी निगेटिव्ह असलेल्या, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह गाठी जास्त. आपल्या रुग्ण तुलनेनं तरुण असतात, हे एक कारण. दुसरं कारण, माझ्या मते, डबा. काढलेली गाठ तासाभरात १० टक्के फॉर्मालिनमध्ये पडायला हवी आणि ६ ते ७२ तास त्यात राहायला हवी. गाठ मोठी असेल तर काप देऊन, नाहीतर फॉर्मालिन आतपर्यंत पोचत नाही. शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन झालं, गाठ सलाइनच्या डब्यात घालून नातेवाइकांच्या हाती दिली, ती सोमवारी बसनं लॅबमध्ये आली, तर तोवर प्रथिनं खराब होतात. रंग चढत नाही, आम्हाला निगेटिव्ह दिसतं, आणि त्या बाईची गोळी हुकते. तेव्हा ऑपरेशनआधीच विचारा: डब्यात फॉर्मालिन आहे ना, वेळ लिहिणार ना? यात कुणाचा अपमान होत नाही. शंका असेल तर मेणाच्या ब्लॉकवरून तपासणी पुन्हा करता येते. कापाला लागून असलेल्या निरोगी नलिकांनीही रंग घेतला नसेल, तर त्या निगेटिव्हवर मी विश्वास ठेवत नाही.

मग येतो प्रश्न, “मलाच का?” पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, मूल न होणं किंवा पहिलं मूल तिशीनंतर होणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, संप्रेरकांच्या गोळ्या. यातल्या बहुतेकांमागे धागा इस्ट्रोजेनचाच, म्हणून त्यांचा संबंध प्रामुख्यानं ईआर पॉझिटिव्ह गाठीशी दिसतो. ट्रिपल निगेटिव्हला हे गणित नीट लागू पडत नाही. जास्त मुलं झाल्यानं तिथे तसं संरक्षण मिळत नाही. अंगावर पाजण्याचं मात्र दोन्हीकडे मिळतं. पण “तीन मुलं पाजली, तरी झाला” म्हणणाऱ्या बाईचं काही चुकलेलं नसतं. धोका हा हजार बायकांचा हिशेब आहे, एकीवरचा आरोप नव्हे. सासूबाईंनाही हे ऐकवा.

आनुवंशिक कर्करोग शंभरात पाच ते दहा. घराण्याची चौकशी करताना आई आणि मावशी आठवतात, आत्या कुणी विचारत नाही. बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो. बीआरसीए-१ असलेल्यांच्या गाठी बऱ्याचदा ट्रिपल निगेटिव्ह असतात, म्हणून तसा रिपोर्ट आला तर जनुक तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

गोळी सहसा किमान पाच वर्षं, काहींना दहा. अंगातून वाफा येतात, सांधे दुखतात, “आता बरी झाले” वाटतं, आणि दुसऱ्या वर्षी गोळी बंद होते. ईआर पॉझिटिव्ह रोग दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतो. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. आपल्या मनानं सोडू नका.

सुई टोचल्यानं कॅन्सर पसरतो का, हे दर वेळी विचारलं जातं, म्हणून आधीच सांगते: नाही. त्या भीतीनं बायप्सी टाळून थेट गाठच काढून घेतली, तर आधी औषध देऊन ती लहान करण्याची संधी हातची जाते. आता तुमचे प्रश्न घेऊ या.