मन मोकळे करण्याचे ठिकाण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात गुणवंतांचा सत्कार होतो, जमाखर्च वाचला जातो. आज मी अशा एका ओझ्याविषयी बोलणार आहे, जे कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. ते म्हणजे मनात दडवून ठेवलेली चिंता.

आरंभी माझीच चूक सांगतो. 1994 साली मी एका सहकारी शिक्षकाच्या कर्जाला जामीन राहिलो. त्याने हप्ते थकविले आणि माझ्या पगारातून रक्कम कापली जाऊ लागली. ही गोष्ट मी घरात आठ महिने लपविली. जेवण जाईना, झोप येईना. शेवटी एके रात्री पत्नीला सारे सांगून टाकले. ती रागावेल, अशी माझी खात्री होती, पण तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “एवढेच ना? मला वाटत होते, तुम्हाला एखादा असाध्य आजार झाला आहे आणि तो तुम्ही मजपासून लपविता आहात.” तिला त्रास होऊ नये म्हणून मी गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्यानेच तिला आठ महिने जाळले! कर्ज फिटावयास पुढे तीन वर्षे लागली. झोप मात्र त्याच रात्री लागली.

आपल्या आजीपणजींना हे मर्म ठाऊक होते. सासरी जे कोणाला सांगता येत नसे, ते त्या पहाटे जात्यावर ओवीतून सांगत आणि समोर खुंट्याला हात लावणारी दुसरी बाई ते ऐकून घेई. जाती गेली, दुःखे मात्र राहिली.

परदेशातील एक उदाहरण सांगतो. 1953 साली लंडनमध्ये चॅड वारा नावाच्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने, जिवावर उदार झालेल्यांना सल्ला देण्यासाठी आपल्या चर्चमध्ये दूरध्वनी ठेवला. माणसे इतकी येऊ लागली की त्यांना ताटकळत बसावे लागे. तेथील स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि त्यांचे बोलणे ऐकत. पुढे असे दिसून आले की, कित्येकजण धर्मोपदेशकाला न भेटताच हलक्या मनाने घरी परतत. सल्ल्यावाचून त्यांचे अडले नाही. ऐकणारा मिळाला, हेच त्यांना पुरले. 1954 मध्ये वारा यांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांवरच सोपविले.

मग आपण का बोलत नाही? कारण स्पष्ट आहे, आणि ते याच मंडपात बसलेले आहे. घरातील कर्ज, मुलाचे व्यसन, सुनेचा मानसिक आजार, माहेरी परत आलेली लेक हे सारे आपण झाकतो. कारण आज एकाच्या कानी घातलेली गोष्ट उद्या सोयरिकीच्या बैठकीत निघेल, ही धास्ती असते. ही धास्ती खोटी आहे, असे आपल्यापैकी किती जण छातीवर हात ठेवून म्हणतील? तेव्हा “मन मोकळे करा” हा उपदेश दुःखिताला करण्यापूर्वी “कानावर आले ते पोटात ठेवा” हा नियम आपण स्वतःला घालून घेतला पाहिजे. विश्वासाने सांगितलेले गुज म्हणजे ठेव आहे. ती दुसऱ्याला वाटून टाकणे ही अफरातफरच होय.

माझी मंडळास नम्र सूचना आहे की, प्रत्येक गावी एक वडीलधारे गृहस्थ आणि एक वडीलधाऱ्या बाई या कामासाठी नेमाव्यात. त्यांनी ऐकावे, पण कोठे नोंद करू नये आणि कार्यकारिणीलाही सांगू नये. एकच अपवाद असावा: कोणी जिवाचे बरेवाईट करण्याच्या गोष्टी बोलू लागला, तर त्यास एकटे न सोडता घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्या स्वाधीन करावे. ज्यास ओळखीच्या माणसाजवळ बोलण्याचा संकोच वाटतो, त्याच्यासाठी केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा आहे. 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते.

असो. आज घरी गेल्यावर आपल्या माणसाला एवढेच विचारा, “तुमच्या मनात काही आहे का?” आणि विचारून झाल्यावर गप्प बसा.