नावाचे शेपूट
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



अशा प्रसंगी वक्त्याने काही भारदस्त विषयावर बोलावे, अशी कार्यकारिणीची अपेक्षा असणार. तरीही मी आज नावांच्या थट्टेविषयी बोलणार आहे. कारण गेल्या वर्षी आमच्या घरात एका नावावरून चांगलेच वादळ उठले.

विशेषनामांची सामान्यनामे करण्याची आपणां मराठी माणसांस मोठी हौस. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली बडोद्यास रंगभूमीवर आले आणि त्यातला तळीराम कायमचा मद्यप्यांचा प्रतिनिधी होऊन बसला. पु. ल. देशपांडे यांच्या लेखणीने लग्नघरी राबणाऱ्या प्रत्येक परोपकारी गृहस्थाचा ‘नारायण’ केला. तोरा मिरवील तो बाजीराव. १७६१ साली विश्वासराव पेशवे रणात पडले, त्या दुःखाचीही आपण कोटी केली. कोणी ‘विश्वास ठेवा’ म्हणाला की ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ हे उत्तर ठरलेले!

परंतु थट्टेचा खरा भार पडतो तो साध्या, कष्टकरी माणसांच्या नावांवर. कोणीही उपटसुंभ, तो ‘सोम्यागोम्या’. मुंबईच्या घरांतून कोकणातून आलेल्या घरगड्यास, त्याचे नाव काहीही असो, ‘रामा’ अशीच हाक असे. प्रभू रामचंद्रांचे नाव आपण भांडी घासावयास लावले. हे पाप आपल्या एकट्याचे नव्हे. हिंदीत ‘ऐरा गैरा नत्थू खैरा’ आहे, तमिळमध्ये ‘कुप्पन-सुप्पन’ आहे, आणि आपल्या या बंगालात ‘राम-श्याम-जदु-मधु’. बाजीरावाचा बंगाली भाऊही आपण सर्वांनी ऐकला आहे. शेखी मिरवणाऱ्यास येथे विचारतात, ‘तू कोण हरिदास पाल?’

आता घरातली गोष्ट. माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरहून कलकत्त्यास आले. त्यांचे नाव पांडुरंग. पांडुरंग म्हणजे गोऱ्या वर्णाचा, आणि पंढरीची मूर्ती तर काळीभोर; या विसंगतीवर ते स्वतःच विनोद करीत, कारण तेही सावळेच होते. कचेरीत आणि गल्लीत ते ‘पांडुबाबू’ झाले. मासळीवालासुद्धा त्या नावाने अदबीने हाक मारी. घरी आजी त्यांना ‘पांडू’ म्हणे, आणि रागावली की ‘पांड्या’. नावाचे शेपूट तेवढे बदलत असे. माया तीच असे. मराठीत ‘ऊ’ आणि ‘या’ ही दोन शेपटे मोठी विलक्षण आहेत. आईच्या तोंडी ती कुरवाळतात, परक्याच्या तोंडी बोचकारतात. ‘आपला तो बाब्या’ म्हणताना आपण तरी दुसरे काय करतो?

पुढे १९७५ साली दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ पडद्यावर आला. मीही तो पाहून पोट धरून हसलो, हे कबूल केले पाहिजे. पण मुंबईत ‘पांडू’ म्हणजे पोलीस शिपाई, आणि तोही हसण्याजोगा, हा अर्थ कायमचा चिकटला. वडिलांच्या कानी तो कधी आला नाही, हे बरेच झाले.

गेल्या वर्षी मुंबईस नातू झाला. मी पत्र लिहिले की नाव पांडुरंग ठेवावे. सूनबाईंचा फोन आला. त्या फार हळू आवाजात म्हणाल्या, ‘बाबा, आजेसासऱ्यांविषयी मला आदर आहे. पण शाळेत मुले याला पांडू म्हणतील, आणि तेव्हा तुम्ही कोलकात्यात असाल.’ मी रागाने फोन ठेवला. दोन दिवस घरात कोणाशी बोललो नाही. मग शेजारचे वृद्ध बंगाली गृहस्थ सहज म्हणाले, ‘अहो, आमच्याकडे प्रत्येकाला दोन नावे असतात, एक जगासाठी आणि एक घरासाठी. तुमचे पांडुबाबू घरात राहू द्या की!’

बारशाला आम्ही मुंबईस गेलो. दाखल्यावर लावायचे नाव सूनबाईंनी निवडले, आणि खरे सांगतो, ते चांगले आहे. कानात ‘कुर्र’ करताना मात्र माझ्या मुलीने, म्हणजे बाळाच्या आत्याने, आधी ‘पांडुरंग’ म्हटले आणि मग ते दुसरे नाव सांगितले. सूनबाई जवळच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. यंदा पूजेच्या सुट्टीत बाळ येथे आला होता. नुकताच रांगू लागला आहे. शेजारच्या त्या गृहस्थांनी त्याला उचलून घेतले आणि विचारले, ‘की पांडुबाबू, केमोन आछेन?’