औंधच्या राजाची देणगी

संस्थान म्हटलं की हत्ती, अंबारी, चोपदार डोळ्यांपुढे येतात. औंधची खूण मात्र सूर्यनमस्कार. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालीत आणि शाळेतल्या मुलांकडूनही घालून घेत.

मुलूख लहान, तोही विखुरलेला. १९४८ साली संस्थान विलीन झालं. आज औंध सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी सांगलीत. याच संस्थानच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. जागा राजांनीच दिली होती.

पण त्यांची मोठी देणगी वेगळीच. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना देऊन त्यांनी कारभार प्रजेच्या हाती सोपवला. राजे आपण होऊन अधिकार सोडतात, असं सहसा घडत नाही. मग आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. खुनाची शिक्षा झालेले कैदीसुद्धा तिथं भिंतीवाचून राहू लागले, बायकामुलांसह शेती करू लागले. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. ती खुली वसाहत आजही आहे.

औंधला गेलात तर डोंगरावरच्या यमाईचं दर्शन घ्या. वाटेवरच्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं ‘माता आणि मूल’ हे शिल्प बघा. राजांनी जमवलं ते तिथं दिसेल. त्यांनी माणसांवर टाकलेला विश्वास पाहायचा, तर पुढं आटपाडीपर्यंत जायला हवं.