महामारी आणि आपली घरे
(देवळाच्या ज्युबिलीप्रीत्यर्थ झालेल्या त्रिदिन भक्तीच्या दुसऱ्या सायंकाळी केलेले भाषण)



काल ह्याच जागेवरून आपण देवळाच्या बांधणीची हकीकत ऐकिली. पाया कोणी खणला, घंटा कोठून आली, वेदीसाठी कोणी काय दान केले, हे सारे ऐकून मन प्रसन्न झाले. परंतु देवळाचा इतिहास सांगताना, ज्या महिन्यांत त्याची दारे बंद होती त्या महिन्यांविषयी सहसा कोणी बोलत नाही. मी आज त्याच दिवसांविषयी बोलणार आहे. कारण देऊळ बंद होते तेव्हा धर्मग्राम बंद नव्हता. तो आपापल्या घरी होता, आणि तेथे त्याचे काय झाले ह्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

तारखा आपणांस आठवत असतील, तरी पुढच्या पिढीसाठी सांगून ठेवितो. २०२० च्या २५ मार्चपासून सर्व देशात टाळेबंदी झाली. त्या वर्षीचा झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे आणि १२ एप्रिलचा पास्काचा सण, हे सारे लोकांवाचून पार पडले. आपल्या राज्यातील प्रार्थनास्थळे त्या साली १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली; २०२१ च्या एप्रिलच्या आरंभी पुन्हा मिटली; आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुनरपि उघडली. दोन्ही खेपा मिळून सुमारे चौदा महिने झाले. ज्या लोकांचा आठवडा रविवारच्या घंटेने सुरू होतो, त्यांस चौदा महिने म्हणजे काय हे मी आपणांस सांगावयास नको.

आपल्या लोकांवर असा प्रसंग प्रथमच आला असे मात्र नव्हे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप सुरू झाला, आणि तो प्लेग होय हे ज्यांनी प्रथम ओळखिले ते डॉ. अकासियो व्हिएगस गोव्यातील हडफडे गावचे, आपल्याच धर्माचे. त्या वेळी लाखो माणसे मुंबई सोडून गेली. मागे राहिले त्यांच्या घरांत अंमलदार शिरले. भिंतींना चुना फासला, सूर्यप्रकाश आत यावा म्हणून छपराची कौले काढली, चीजवस्तू जाळली, रोग्यास इस्पितळात व त्याच्या आप्तांस छावणीत नेले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. तोच कायदा १२३ वर्षांनी, २०२० साली आपणांस लागू करण्यात आला. लसीचेही तसेच आहे. हाफकिन साहेबांनी मुंबईत प्लेगाची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, तेव्हा लोक भ्याले. आणि १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्या देशात लस टोचण्यास आरंभ झाला तेव्हाही आपल्यांपैकी काहीजण तितकेच भ्याले. माणसाचा स्वभाव शतकाने फारसा पालटत नाही.

परंतु मला सांगावयाचे आहे ते वेगळेच. प्लेगाच्या त्या वर्षांत गिरगावात, वांद्र्याच्या पाखाडीपाखाडीत आणि साष्टीच्या कित्येक गावठाणांत लोकांनी उघड्यावर क्रूस उभारिले. आज दिसणारे सारेच क्रूस साथीचे नव्हेत, काही त्याहून पुरातन आहेत; तथापि पुष्कळांवर त्याच काळाचे साल कोरलेले आढळते. घरात रोग व दाटी. म्हणून शेजारीपाजारी सायंकाळी मोकळ्या हवेत त्या क्रूसापाशी उभे राहून जपमाळ करू लागले. साथ गेली, पण सवय राहिली. मे महिन्यात क्रूसास रंग द्यावा, फुले वाहावी, लदीन गावे व शेवटी मुलांच्या हातावर चणे ठेवावे, ही जी रीत पुष्कळ ठिकाणी दिसते, तिचे मूळ अनेक जागी त्या भयात आहे. चणे खाणाऱ्या मुलांस हे ठाऊक नसते, आणि त्यात वाईट काही नाही.

हा प्रकार ख्रिस्ती लोकांत जुना आहे. १५७६ साली मिलान नगरात महामारी आली तेव्हा तेथील आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ ह्यांनी रस्त्यांच्या चौकांत वेद्या मांडविल्या, की घरात कोंडलेल्या लोकांस खिडकीतून मिस्सा ऐकता यावा. रोम शहरात १५२२ च्या साथीत संत मार्सेलो देवळातील क्रूस रस्त्यारस्त्याने मिरवीत नेला होता. तोच क्रूस २७ मार्च २०२० च्या सायंकाळी संत पेत्रुसाच्या चौकात आणून ठेविला होता, आणि पोप फ्रान्सिस पावसात एकटेच त्या रिकाम्या चौकातून चालत गेले. आपल्यांपैकी कितीकांनी ते दृश्य घरी बसून पाहिले असेल! आमच्या पूर्वजांनी भयाच्या वेळी प्रार्थना घरातून बाहेर आणिली. आम्हांस ती बाहेरून घरात न्यावी लागली. ह्या फरकात बरेच काही दडले आहे.

घरात नेली, ती कशी नेली हे पाहू. पहिल्या काही आठवड्यांत मोठी तळमळ होती. कोपऱ्यातल्या वेदीवरची धूळ पुसली गेली, मोबाइलचा संच तांब्याला टेकवून उभा केला गेला, आजीबाईंनी डोक्यावर पदर घेऊन त्या चार बोटांच्या पडद्यापुढे गुडघे टेकिले. कम्युनियनच्या वेळी जीभ कोरडी राहत असे, तरी आत्मिक कम्युनियनची प्रार्थना, जी आपण पूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करून विसरलो होतो, ती पुन्हा ओठांवर आली. ज्या घरांत जपमाळ बंद पडून वर्षे लोटली होती तेथे ती सुरू झाली. बापाने एक दशक म्हणावे, मुलाने दुसरे. सकाळच्या गाडीने जाणारा व रात्रीच्या गाडीने येणारा बाप आपल्या मुलांस प्रथमच सात वाजता भेटला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मुंबईची लोकल सर्व लोकांस खुली झाली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी, आणि तीही ठराविक वेळांपुरती. तोवर वसईपासून चर्चगेटपर्यंत रोज उभ्याने जाणारी माणसे घरात बसून होती.

पण गोड तेवढेच सांगून मी थांबलो तर ते खोटे होईल. घर म्हणजे विश्रांतीचे ठिकाण, ही समजूत मुख्यतः पुरुषांची होती. सारी माणसे दिवसभर घरात म्हणजे दिवसभर चूल, दिवसभर भांडी, आणि त्यात एकाच मोबाइलवर दोन मुलांची शाळा. हे ओझे कोणावर पडले ते येथे बसलेल्या भगिनींस ठाऊक आहे. पगार कापले गेले. बागायतदारांची फुले व भाजी बाजारावाचून सडली. मच्छीमारांच्या होड्या किनाऱ्यास लागल्या. काही घरांत दारूही आणली गेली आणि त्याचा ताप बायकामुलांनी सोसला. पुरुषमंडळींपैकी काहीजण मात्र त्या दिवसांत विळीवर बसावयास शिकले, आणि त्यांतील कोणी ती सवय अद्याप सोडली नसेल तर त्याचे मी ह्या ज्युबिलीत विशेष अभिनंदन करितो.

पुढे पुढे तळमळ ओसरली. गुडघे टेकणारा माणूस खुर्चीवर आला, खुर्चीवरचा खाटेवर गेला, आणि चहाच्या पेल्यासह मिस्सा पाहण्याची एक नवीन रीत निघाली. देऊळ उघडल्यावरही ही रीत काही घरांत टिकून आहे. आजारी, वृद्ध व अंथरुणास खिळलेली माणसे ह्यांविषयी मी बोलत नाही. त्यांस पडद्यावरील मिस्सा हा मोठाच दिलासा आहे, आणि ती सोय चालू राहिली पाहिजे. मी बोलतो ते धडधाकट माणसांविषयी. रविवारी बाजारास जाता येते, लग्नाच्या जेवणास जाता येते, मग देवळाचाच रस्ता लांब का वाटावा? आणखी नवल असे, की जी जपमाळ देऊळ बंद असताना घरोघर चालू होती, ती देऊळ उघडताच बहुतेक घरांतून पुन्हा बंद पडली. पूर्वजांची साथ गेली तेव्हा क्रूस राहिला. आपली साथ गेली तेव्हा घरात राहिली ती हात धुण्याच्या औषधाची अर्धी बाटली.

लहानसहान चालीही बदलल्या. देवळाच्या दाराशी असलेले पवित्र पाण्याचे पात्र कोरडे झाले. २०२० च्या पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी झाला नाही, आणि गुड फ्रायडेस क्रूसाचे चुंबन याजकावाचून कोणी घेतले नाही. तशी रोमची आज्ञाच होती. मिस्सात शांतीची खूण म्हणून हात जोडणे आम्हां भारतीयांस नवे नव्हते, म्हणून तेथे अडले नाही. लग्ने प्रथम पन्नास माणसांत व २०२१ च्या एप्रिलात तर पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकावी लागली. त्या वर्षांत लग्न केलेल्या जोडप्यांपैकी कोणाचा संसार माणसे कमी आली म्हणून उणा ठरला असे माझ्या ऐकिवात नाही. उलट कर्जावाचून मुलगी नांदावयास गेली म्हणून समाधान मानणारे बाप मला भेटले. परंतु ते दिवस सरताच मंडप पूर्वीपेक्षा मोठे झाले. असो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. महामारीने प्रार्थना घरात आणिली, पण शोक घरातून काढून नेला. आपल्या गावात मरणाची एक रीत आहे. माणूस गेला की घंटा होते, ओटीवर माणसे जमतात, रात्र जागविली जाते, त्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारची भाकरी येते. प्रेतामागून गाव चालत जातो, प्रत्येकजण मूठभर माती टाकितो. ह्यातले काहीही त्या दिवसांत झाले नाही. रोगी इस्पितळाच्या गाडीत चढला, तो पुन्हा दिसला नाही. पिशवीत बांधलेला देह दुरून दाखविण्यात आला, कित्येकांस तोही नाही. मुंबईत ३० मार्च २०२० रोजी, धर्म कोणताही असो, दहनच करावे असा हुकूम निघाला होता. तो त्याच दिवशी सुधारून मोठ्या जागेच्या दफनभूमीत दफनास मोकळीक देण्यात आली. तरीपण जागेअभावी वा भयापोटी काही ख्रिस्ती कुटुंबांस आपल्या माणसास अग्नी द्यावा लागला.

त्या कुटुंबांपैकी काहींच्या मनात आजही एक काटा सलत आहे, हे मला भेटीगाठींत जाणवते. म्हणून स्पष्ट सांगतो. दहनाने कोणताही दोष घडलेला नाही. पवित्र सभेने १९६३ सालीच त्यास मोकळीक दिली आहे. मात्र अस्थी घरात न ठेविता पवित्र जागी ठेवाव्या, असे २०१६ च्या आज्ञापत्रात सांगितले आहे. कोणाच्या कपाटात असा कलश अद्याप असेल, तर त्याने संकोच न करिता मजकडे यावे. कोणी काही विचारणार नाही, आपल्या दफनभूमीत विधिपूर्वक त्याची व्यवस्था होईल. दुसरा काटा असा, की आमचा माणूस पापनिवेदन व अभ्यंग ह्यांवाचून गेला. ह्याविषयीही २०२० च्या मार्चात रोमहून खास आज्ञापत्र निघाले होते. ज्यास मरणसमयी संस्कार मिळणे शक्य नाही, परंतु जो योग्य वृत्तीने असतो व आयुष्यात प्रार्थना करीत आला आहे, त्यास पूर्ण दंडमाफी देऊन जे उणे असेल ते पवित्र सभा स्वतः भरून काढील, असा त्याचा आशय होय. म्हणजे तुमचा बाप एकटा गेला नाही. धर्मगुरू जवळ नव्हता, पण पवित्र सभा जवळ होती.

एवढे झाले तरी शेजाऱ्याचे ऋण राहतेच. त्या घरी आपण गेलो नाही. जाता येत नव्हते हे खरे, आणि त्यात दोष कोणाचा नाही. परंतु जाता येऊ लागल्यावर पुष्कळ दिवस लोटले म्हणून आपण लाजलो आणि मग गेलोच नाही. विधवा बाई बाजारात भेटते, आपण पावसापाण्याचे बोलतो, आणि तिच्या नवऱ्याचे नाव निघत नाही. ते नाव निघावे अशी तिची इच्छा असते, हे मी अनेकींच्या तोंडून ऐकिले आहे.

म्हणून ज्युबिली समितीशी विचार करून पुढीलप्रमाणे ठरविले आहे. २०२० च्या मार्चपासून २०२१ च्या अखेरपर्यंत आपल्या धर्मग्रामातील जी जी माणसे वारली, मग ती ह्या रोगाने वारली असोत वा दुसऱ्या कारणाने, त्या सर्वांच्या नावांची एक वही वेदीमागच्या खोलीत ठेविली आहे. येत्या २ नोव्हेंबरास, मृतांच्या स्मरणदिनी, सायंकाळच्या मिस्सात ती नावे एक एक करून वाचिली जातील व प्रत्येक नावापाठोपाठ घंटेचा एक टोला होईल. त्यानंतर दफनभूमीत जाऊन जे मूठभर माती टाकावयाचे राहिले ते टाकतील. मिस्सा आटोपल्यावर प्रत्येक आळीतील मंडळींनी आपल्या आळीतील त्या घरी जावे व ओटीवर बसून एक जपमाळ करावी. घरच्यांनी चहापाण्याचा खटाटोप करू नये, शिजविलेले शेजाऱ्यांनी न्यावे.

नावे ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत लिहावी. नावासमोर वय, मृत्यूची तारीख आणि दफनाची वा दहनाची जागा लिहावयाची आहे. जागा ठाऊक नसल्यास तो रकाना मोकळा ठेवावा. नाव मात्र लिहावेच.