व्होल्टेज न मोजणारा ड्रायव्हर

(इंदूर येथील ग्रीष्मकालीन व्याख्यानमालेतील व्याख्यान)



इतिहास, नाट्यसंगीत, संतसाहित्य, झालंच तर मधुमेह आणि आपण, हे उन्हाळी व्याख्यानमालेचे हक्काचे विषय. आज मात्र मी तुमच्यासमोर लिनक्सच्या कर्नेलमधली, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, एक छोटीशी फाइल घेऊन उभा आहे. तिचं नाव पीडब्ल्यूएम-रेग्युलेटर. प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज गरजेप्रमाणे कमी-जास्त करणं, एवढंच तिचं काम. पण त्या फाइलीतला ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, व्होल्टेज ठरवतो, ते मोजत मात्र कधीच नाही. कागदावरच्या हिशेबाच्या भरवशावर तो सगळा कारभार चालवतो. हा हिशेब चुकला की काय होतं, ते आज सांगायचं आहे.

आधी व्होल्टेज बदलायचंच कशाला, ते पाहू. प्रोसेसरच्या आतली उघडझाप जी वीज खाते, ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज 10 टक्क्यांनी उतरवलं तर त्याच वेगाला ही वीज 19 टक्क्यांनी कमी होते. म्हणून मोबाइल खिशात पडून असताना प्रोसेसर मंद गतीनं आणि कमी व्होल्टेजवर चालतो, आणि तुम्ही व्हिडिओ लावला की दोन्ही वर चढतात. चढताना आधी व्होल्टेज आणि मग वेग, उतरताना आधी वेग आणि मग व्होल्टेज. हा क्रम उलटला तर प्रोसेसर भलतंच गणित करू लागतो.

आता वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघा. जुन्या वाड्यांतून पंख्याचा रेग्युलेटर म्हणजे भिंतीवरचा एक भलामोठा डबा असायचा. आत रेझिस्टन्सची तार, आणि पंखा हळू केला की डबा तापायचा. वाचलेली वीज भिंत तापवण्यात जायची. आताचं छोटं बटण तसं करत नाही. ते विजेच्या प्रत्येक लाटेचा थोडा भाग तोडून टाकतं, बाकीचा भाग तसाच जाऊ देतं. मधल्या तुटलेल्या क्षणात पंखा स्वतःच्या जडत्वानं फिरत राहतो. पीडब्ल्यूएम, म्हणजे पल्स-विड्थ मॉड्युलेशन, हा याच कुळातला. चिपची एक पिन पूर्ण चालू, पूर्ण बंद, पुन्हा चालू, असं सेकंदाला लाखो वेळा. एका फेरीत ती किती टक्के वेळ चालू होती, त्याला ड्यूटी सायकल म्हणतात. 3.3 व्होल्टची पिन निम्मा वेळ चालू ठेवली आणि पुढे एक रेझिस्टर, एक कपॅसिटर लावला की मिळालं 1.65 व्होल्ट.

हे व्होल्टेज थेट प्रोसेसरला देत नाहीत, तेवढा दम त्या पिनेत नसतो. प्रोसेसरला वीज देते ती बक कन्व्हर्टरची चिप. तिला फीडबॅकची एक पिन असते. बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजचा दोन रेझिस्टरांनी पाडलेला वाटा त्या पिनेवर येतो, आणि तो वाटा ठरलेल्या आकड्यावर, समजा 0.6 व्होल्टवर, टिकेल अशा बेतानं चिप आउटपुट सांभाळते. आता तिसऱ्या रेझिस्टरातून बाहेरचा थोडा प्रवाह या पिनेत सोडा. चिपला वाटतं आउटपुट वाढलं, आणि ती ते खाली खेचते. म्हणजे अशा जोडणीत ड्यूटी सायकल वाढली की प्रोसेसरचं व्होल्टेज उतरतं. शून्य टक्के म्हणजे सगळ्यात जास्त व्होल्टेज. हा उलटा हिशेब ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुणी विचारेल, एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? स्वस्त पडतं म्हणून. प्रोसेसरवर पीडब्ल्यूएमच्या पिना आयत्याच असतात, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करायला त्या लागतातच. एखादी पिन मोकळी असली की दोन-चार किरकोळ भागांत काम होतं. महागड्या व्यवस्थेत आयस्क्वेअरसीच्या दोन तारांवर बोलणारी चिप असते. तिला विचारता येतं की बाई, तू आत्ता कोणत्या व्होल्टेजवर आहेस, आणि ती आपल्या रजिस्टरातून उत्तर देते. पीडब्ल्यूएमची तार एकेरी. सांगता येतं, विचारता येत नाही. स्वस्ताईला माझा विरोध नाही, पण वाचवलेले पैसे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला फेडावे लागतात.

कर्नेलमध्ये रेग्युलेटरांची सामाईक चौकट 2008 मध्ये आली, लियम गर्डवुड आणि मार्क ब्राउन यांच्या कामातून. पीडब्ल्यूएमची आजची चौकट थिएरी रेडिंग यांनी 2012 मध्ये उभी केली. आपला ड्रायव्हर या दोन घरांच्या मधला. प्रोसेसरच्या बाजूनं तो व्होल्टेज देणारा, पीडब्ल्यूएमच्या बाजूनं मागणारा. 2014 मध्ये ली जोन्स यांनी तो एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या चिपसाठी लिहिला, आणि त्यात त्या कंपनीपुरतं असं फारसं काही नाही हे लक्षात येताच तो सर्वांसाठीचा झाला. कोणत्या बोर्डावर कोणते रेझिस्टर आहेत, हे ड्रायव्हरात लिहीत नाहीत. ते त्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीत, म्हणजे कर्नेलला दिलेल्या बोर्डाच्या कुंडलीत असतं. तिथं एक तर तक्ता द्यायचा, इतक्या टक्क्यांना इतकं व्होल्टेज. नाहीतर फक्त दोन टोकं द्यायची आणि मधलं गणित ड्रायव्हरवर सोपवायचं.

आरके3288 चिपच्या क्रोमबुकांमध्ये दुसरी पद्धत आहे. तिथं लॉजिकचं व्होल्टेज 950 ते 1350 मिलिव्होल्ट. पीडब्ल्यूएमची एक फेरी 1994 नॅनोसेकंदांची, आणि पीडब्ल्यूएमचं घड्याळ 74.25 मेगाहर्ट्झचं. एका फेरीत त्या घड्याळाचे 148 ठोके बसतात. टक्क्यांत हिशेब केला तर एक टक्का म्हणजे जवळजवळ दीड ठोका, आणि अर्धा ठोका जगात नसतो. कुठं वर, कुठं खाली, असं करत जावं लागतं. म्हणून तिथल्या कुंडलीत टक्के नाहीतच. एकक 148, आणि टोकं 123 आणि 0. प्रत्येक ठोक्याला साधारण सव्वातीन मिलिव्होल्ट. ज्यानं कुणी ते आकडे तसे मांडले, तो पक्का हिशेबी माणूस असणार. सराफ्यात बसला असता तरी चालला असता.

ड्रायव्हरची खरी परीक्षा मात्र तो कामावर रुजू होतो त्या क्षणी असते. यंत्र सुरू होतं तेव्हा कर्नेल नसतोच. आधी बूटलोडर येतो, व्होल्टेज लावतो, कर्नेलला मेमरीत आणून सोडतो. म्हणजे आपला ड्रायव्हर जागा होतो तेव्हा तो ज्या प्रोसेसरवर चालतोय, त्याचं व्होल्टेज आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. सूत्रं हाती घेताना जरा हिसका बसला तर ड्रायव्हर स्वतःच कोसळेल. पूर्वीच्या पद्धतीत ड्यूटी सायकल ठरवणं आणि पिन चालू करणं हे दोन वेगळे हुकूम होते, आणि हार्डवेअर आत्ता काय करतंय हे वाचायची सोय नव्हती. 2016 मध्ये बोरिस ब्रेझिलाँ यांनी ते बदललं. आधी चालू स्थिती वाचा, मग फेरी, ड्यूटी सायकल, चालू-बंद हे सगळं एकाच हुकुमात लावा.

एवढ्यानं भागलं, असं सगळ्यांना वाटलं. मग ओड्रॉइड-सी1 चं प्रकरण झालं. ॲमलॉजिकच्या चिपवरचा हा छोटा, तळहाताएवढा बोर्ड. त्याच्या चिपला लागणाऱ्या व्हीडीडीईई या व्होल्टेजचा रेग्युलेटर पीडब्ल्यूएमवर चालतो: शून्य टक्क्याला 1140 मिलिव्होल्ट, साधारण 91 टक्क्यांना 860. 2023 मध्ये दुसऱ्याच एका फाइलीत, त्या चिपच्या पीडब्ल्यूएम ड्रायव्हरात, हार्डवेअरची स्थिती वाचण्याचं गणित सुधारलं गेलं. आणि हा बोर्ड कोसळू लागला. तोही एका ठिकाणी नाही. कधी इथं, कधी तिथं, मेमरीतला मजकूर खराब. अशा दुखण्यात माणूस पहिला संशय मेमरीच्या चिपवर घेतो.

खरी गोम अशी होती. बूटलोडरच्या काही आवृत्त्या पीडब्ल्यूएम चालूच करत नव्हत्या. पिन बंद, म्हणून खाली ओढलेली, म्हणजे शून्य टक्के, म्हणजे 1140 मिलिव्होल्ट. सगळं उत्तम चाललेलं. पण बंद असलेल्या त्या पीडब्ल्यूएमच्या रजिस्टरात आकडे मात्र पडून होते: फेरी 3666 नॅनोसेकंद, त्यात चालू 3333. भागाकार करून पाहा, 91 टक्के. ड्रायव्हरनं प्रामाणिकपणे स्थिती वाचली आणि तेच आकडे कायम ठेवून पीडब्ल्यूएम 'चालू' केला. क्षणात व्होल्टेज 1140 वरून 860 वर. चिप कामात आहे आणि तिच्या पायाखालचे 280 मिलिव्होल्ट कुणी काढून घेतले. तिनं मेमरीत भलतंसलतं लिहिलं तर नवल काय? वाचन चुकीचं नव्हतंच. बंद पडलेल्या यंत्राचा आकडा खरा धरला, ही चूक होती.

दुरुस्ती 2024 मध्ये कर्नेलमध्ये गेली, आणि ती कोडाच्या दृष्टीनं अगदी थोडी आहे. पीडब्ल्यूएम बंद असेल तर रजिस्टरातल्या ड्यूटी सायकलकडे बघायचंच नाही. ती शून्य धरायची, आणि पिनेचे अर्थ उलटे लावलेले असतील तर पूर्ण फेरी धरायची. व्होल्टेज त्यावरून काढायचं. बोर्डाची कुंडली सांगत असेल की हा रेग्युलेटर बूट होतानाच चालू असतो, तर आधी ही गृहीत स्थिती रजिस्टरात लिहायची आणि मगच पीडब्ल्यूएम चालू करायचा. त्याच सुमाराला आणखी एक शहाणपणाची भर पडली. हिशेबातून आलेलं व्होल्टेज बोर्डाच्या मर्यादेबाहेरचं असेल, तर ड्रायव्हर आकडा ठोकून देत नाही. वाचता येत नाही असं कळवतो, आणि वरची चौकट व्होल्टेज नव्यानं लावते. न मोजणाऱ्याला एवढी तरी कबुली द्यावीच लागते.

उतरण्याचा वेग हा आणखी एक भाग. आपल्या गावच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 मध्ये इलेक्ट्रॉन 550 एमईव्हीला आत सोडतात आणि तिथून 2.5 जीईव्हीपर्यंत चढवतात. ऊर्जा चढते तसा 172.5 मीटरच्या कड्यातल्या चुंबकांचा प्रवाह एकमेकांशी जुळवून चढवावा लागतो, नाहीतर किरण भिंतीला जाऊन आदळतो. बोर्डावरचं व्होल्टेजही असंच टप्प्यानं न्यावं लागतं, फक्त इथं चढण्यापेक्षा उतरणं अवघड. आउटपुटचा कपॅसिटर भरलेला असतो. प्रोसेसर निवांत असेल तर तो रिकामा व्हायला वेळ लागतो. तुम्ही एकदम खालचं व्होल्टेज मागितलं की चिप म्हणते, मला सांगितलंय कमी आणि बाहेर दिसतंय जास्त, काहीतरी बिघडलं. आणि संरक्षण म्हणून ती बंद होते. यासाठी 2017 मध्ये वेगळा ड्रायव्हर लिहावा लागला. चिप बिथरणार नाही एवढ्याच अंतराच्या पायऱ्या करून तो व्होल्टेज उतरवतो आणि प्रत्येक पायरीला थांबतो.

आता जे अजून पुरतं सुटलेलं नाही ते सांगतो. बंद पीडब्ल्यूएम म्हणजे खाली ओढलेली पिन, असं आपण धरलं. पण पीडब्ल्यूएमच्या चौकटीनं असं वचन कुणाला दिलेलं नाही. काही चिपांची पिन बंद करताच खाली जाते, काहींची ज्या अवस्थेत होती तिथंच गोठते, काहींची अधांतरी सुटते. अधांतरी पिन म्हणजे फीडबॅकच्या जाळ्यातला तिसरा रेझिस्टर नसल्यासारखाच, आणि मग आउटपुट दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी बसतं, जिथं ड्रायव्हरचा हिशेब त्याला शोधतही नाही. यावर कोडात इलाज नाही. समोर अभियांत्रिकीचे विद्यार्थी बसलेले दिसताहेत, त्यांच्यासाठी सांगतो: बोर्ड आखताना त्या पिनेवर जमिनीकडे ओढणारा एक रेझिस्टर टाका, आणि तो टाकलाय हे डिव्हाइस ट्री लिहिणाऱ्याला कळवा.