स्कोअर : खाचेतला हिशेब



'स्कोअर किती झाला?' हे विचारण्यासाठी आपल्याकडे कोणाला इंग्रजी शिकावे लागत नाही. परंतु या शब्दाचा दुसरा अर्थ आहे वीस. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे अब्राहम लिंकन यांनी भाषणाच्या प्रारंभी ८७ वर्षे सांगितली, ती चार विसा आणि सात अशीच. आपल्याकडेही जुनी माणसे विसांत मोजत. वीस नगांना कोडी म्हणत.

मग धावसंख्येचे आणि विसाचे नाते काय? दोन्ही अर्थ निघाले खाचेतून. स्कँडिनेव्हियातील जुन्या नॉर्स भाषेत 'स्कोर' म्हणजे खाच. मेंढरे मोजताना वीस भरली की काठीवर एक खाच पाडत, म्हणून खाच म्हणजे वीस, असे कोशकार मानतात. पुढे खाच म्हणजे उधारी झाली आणि खेळातले गुणही झाले. आरंभीच्या क्रिकेटात धावा काठीवर खाचा पाडूनच मोजत.

इंग्लंडच्या राजाचा खजिनाही शेकडो वर्षे अशाच काठ्यांवर चालला. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभरांची अंगठ्याएवढी, विसांची करंगळीएवढी. खाचा पाडल्या की काठी उभी चिरत. एक फाक भरणा करणाऱ्यापाशी, दुसरी खजिन्यापाशी. एकट्याने खाच वाढवली तर जोड जुळत नसे. निरक्षरालाही आपला हिशेब बोटांनी चाचपता येई! ही पद्धत १८२६ साली बंद झाली. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या जुन्या काठ्या भट्टीत जाळताना वेस्टमिन्स्टरचे संसदभवनच पेटले.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्हांला त्या दुसऱ्या फाकेचे मोल फार वाटते. मजूर सहा दिवस राबतो, मुकादमाच्या वहीत पाचच भरतात. भांडायला जावे तर पुरावा काय? वही त्याचीच, पेन्सिलही त्याचीच. आज पगार बँकेत जमा होतो, मोबाइलवर एक आकडा येतो. जादा तास किती धरले, कापले किती आणि कशापायी, हे त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून पगारवाढीच्या आधी आम्ही तपशीलवार पगारचिठ्ठी मागतो, आणि ज्याच्या-त्याच्या घरी हजेरीची स्वतःची वही असावी असा आग्रह धरतो.

तेव्हा मंडळी, कोणीही आकडा सांगितला की एवढेच विचारा : खाच कोणी पाडली, आणि दुसरी फाक कोणाच्या हाती आहे?