मनोरा, उपग्रह आणि फोन

नवी गाडी घेतली की काही महिने सॅटेलाइट रेडिओ फुकट मिळतो, मग वर्गणीचं पत्र येतं. ‘ठेवू का बंद करू?’ असं मला बरेच जण विचारतात. मी उलट विचारतो, गाडी कुठे चालवता आणि ऐकायचं काय आहे?

कॅनडात सीआरटीसीने २००५ मध्ये सॅटेलाइट रेडिओला परवानगी दिली. त्याच वर्षी एक्सएम आणि सिरियस दोन्ही सुरू झाले, पुढे एक झाले. एफएमचा आवाज मनोऱ्यापासून फार तर शंभरेक किलोमीटर पोचतो. उपग्रह अख्खा खंड व्यापतो. सू सेंट मेरीहून थंडर बेला निघालात तर सुपीरियर सरोवराच्या बाजूने सुमारे सातशे किलोमीटर रस्ता आहे. वाटेत एफएम विरतं, फोनची रेंज जाते, उपग्रह मात्र बोलत राहतो. आकाश मोकळं हवं एवढंच. तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरलात की तोही गप्प. ट्रक चालवणाऱ्यांची वर्गणी वसूल होते. रोज ब्रॅम्पटन ते डाउनटाउन करणाऱ्यांनी विचार करावा.

आणि मराठी? उपग्रहावर जागा मोजकी. प्रत्येक वाहिनी त्यातला तुकडा खाते, म्हणून पैसे भरणारे जिथे जास्त, तीच वाहिनी लागणार. एवढ्या मोठ्या देशात विखुरलेली आपली घरं त्या हिशोबात बसत नाहीत. एमबीए केलेला माणूस म्हणून मला तो हिशोब कळतो, आवडत नाही ही गोष्ट वेगळी.

भारतात वर्ल्डस्पेस आठवतं का? खिडकीतला छोटा अँटेना आकाशाकडे रोखून बसायचं, जाहिरातींशिवाय गाणी ऐकायची. मूळ कंपनीचं दिवाळं निघालं आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली. ते महागडे रिसीव्हर शोभेला उरले. आजोबांचा ट्रान्झिस्टर मात्र अजून पुणे केंद्र लावतो.

मराठी मिळतं ते इंटरनेटवर. आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर अॅपवर पुणे केंद्र इथे ऐकता येतं. तिथल्या सकाळी सातनंतरच्या बातम्या टोरंटोत आदल्या रात्री, उन्हाळ्यात साडेनऊनंतर आणि हिवाळ्यात साडेआठनंतर. घड्याळ बदललं की आमच्या घरी बातम्या जेवणाच्या आधी येतात! डेटाचं म्हणाल, तर ६४ केबीपीएसच्या प्रवाहाला तासाला तीसेक एमबी लागतात. फार नाही.

पण ८ जुलै २०२२ आठवा. एका मोठ्या कंपनीचं जाळं देशभर बसलं. एक कोटीहून जास्त ग्राहकांचे फोन, इंटरनेट गेले, दुकानांत डेबिट कार्ड चालेनात, कित्येकांना ९११ सुद्धा लागेना. काय चाललंय हे ज्यांना कळायचं होतं, त्यांना सेलवरचा साधा रेडिओ पुरला. त्याला ना पासवर्ड, ना वर्गणी.

हे सगळं आज सांगतोय, कारण आपल्या कार्यक्रमापुढेही हाच प्रश्न आहे. एफएमवरचा आपला तास सोडून फक्त ऑनलाइन जावं, असं समितीत काहींचं मत आहे. पैसे वाचतील हे खरं. पण ऑनलाइन प्रत्येक श्रोत्याला सर्व्हरकडून वेगळी धार सोडावी लागते. श्रोते वाढले की बिल वाढतं. मनोऱ्याला एकाने ऐकलं काय आणि लाखाने ऐकलं काय, वीज तेवढीच.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. समितीसमोरच्या तक्त्यात ऑनलाइन श्रोत्यांचा आकडा आहे, एफएमच्या रकान्यात काहीच नाही. मनोऱ्याला कोण ऐकतंय हे कळतच नाही. म्हणजे स्वयंपाकघरात भाकरी थापताना आपल्याला ऐकणाऱ्या काकू कुठल्याच तक्त्यात नाहीत. मोजता आलं नाही म्हणून त्या नाहीतच असं धरायचं का? ग्राहकाच्या कामात मी असा तक्ता परत पाठवतो.

तेव्हा निर्णय व्हायच्या आधी एक करा. या आठवड्यात स्टुडिओत फोन करा आणि फक्त एवढंच सांगा: रेडिओवर ऐकता, गाडीत, की फोनवर. घरात आई, सासूबाई, आजोबा ऐकत असतील तर त्यांचंही वेगळं सांगा. ज्यांना इंग्रजीत बोलायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी शनिवारी सकाळी फोन आम्हीच उचलणार आहोत, मराठीत.